डबल जिप्सम बोर्डच्या पार्टिशनवर तीच भेग पुन्हा पुन्हा येते? आधी स्क्रू मोजा, मग पुट्टी मागवा

दिवाळीला रंग दिला, शिमग्याला भेग परत. तीही त्याच जागी, तशीच उभी, जमिनीपासून छतापर्यंत. पेंटर येतो, खरवडतो, पुट्टी भरतो, पॉलिश पेपर मारतो, टचअप करून जातो. एक पावसाळा गेला की पुन्हा तेच.

पार्टिशनला एकेका बाजूने दोन-दोन बोर्ड लावलेले असले तर घरमालकाचा वैताग आणखी वाढतो. दुसऱ्या थराचे पैसे त्याने वेगळे मोजलेले असतात. भिंत भक्कम व्हावी, ठोकली तर पोकळ वाजू नये, शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येऊ नये, म्हणून. आणि भेग मात्र सिंगल बोर्डच्या भिंतीवर येते तशीच येते, कधी कधी जास्तच.

अशी वारंवार येणारी भेग हा पुट्टीचा प्रश्न क्वचितच असतो. आत बोर्ड हलत असतो. तो का हलतो हे कळल्याशिवाय वरून कितीही भरलं तरी ते पैसे भिंतीत गेले असंच समजायचं.

भेग कुठे आहे, कशी आहे

रात्री खोलीतले दिवे बंद करा. टॉर्च भिंतीला टेकवून आडवा धरा, म्हणजे उजेड भिंतीवरून सरपटत जाईल. दिवसा न दिसणारे उंचवटे, खळगे, सांध्यावर चिकटवलेल्या जुन्या टेपच्या कडा सगळं दिसायला लागतं. जिथे भेग दिसते तिथे पेन्सिलीने बारीक खूण करा आणि मोजपट्टीने अंतरं मोजा.

भेगा उभ्या असतील आणि एकमेकींपासून साधारण ४ फुटांवर असतील तर त्या बोर्डच्या जॉइंटवर आहेत. बोर्डची रुंदी १२२० मिमी, म्हणजे ४ फूट. दरवाजाच्या वरच्या कोपऱ्यातून निघून वर जाणारी भेग असेल तर तिचं कारण वेगळं. छताला लागून आडवी भेग असेल तर वेगळं. पार्टिशन जिथे विटांच्या भिंतीला किंवा आरसीसी कॉलमला मिळतं त्या कोपऱ्यातली भेग तर खरं म्हणजे भेग नाहीच. तिथे भरलेली पुट्टी सुटलेली असते. आणि भेग नसून ठरावीक अंतरावर नाण्याएवढे गोल उंचवटे दिसत असतील, तर स्क्रू बाहेर ढकलले जात आहेत.

सर्वात जास्त तक्रारी पहिल्या प्रकारच्या असतात, म्हणून तिथेच जास्त वेळ घालवू.

चुंबक घ्या आणि एक स्क्रू काढा

छोटं पण जोरकस चुंबक रुमालात गुंडाळा, म्हणजे रंगाला ओरखडा येणार नाही. भेगेच्या दोन्ही बाजूंनी वरून खाली फिरवा. पुट्टीखालच्या स्क्रूवर ते चिकटतं. प्रत्येक ठिकाणी खूण करत गेलात की पंधरा मिनिटांत स्क्रूंचा नकाशा तयार होतो. तो नकाशाच निम्मं उत्तर देतो.

दुसऱ्या थरावर भिंतीच्या मधल्या भागात स्क्रू साधारण ३०० मिमीवर, म्हणजे फूटभर अंतराने हवेत. कोपऱ्यांवर थोडे जवळ, २०० मिमीवर. खुणा दोन-दोन फुटांवर पडल्या तर स्क्रू कमी आहेत. खुणांची उभी रांग सरळ नसून डावी-उजवी पळत असेल, तर कारागिराने स्टडची, म्हणजे बोर्डमागच्या पत्र्याच्या उभ्या खांबाची, रेघ न मारताच अंदाजाने स्क्रू ठोकले आहेत आणि त्यातले काही पोकळीत गेले आहेत.

आता भेगेजवळचा एक स्क्रू उघडा करा आणि स्क्रूड्रायव्हरने उलटा फिरवून बाहेर काढा. सहज, काहीच जोर न लावता निघाला? मोजा.

२५ मिमी निघाला तर दुखणं सापडलं.

बोर्ड १२.५ मिमीचा. दोन थर मिळून २५ मिमी. स्क्रूही २५ मिमी. म्हणजे स्क्रूचं टोक स्टडच्या पत्र्याला जेमतेम टेकतं, आत शिरत नाही. दुसरा बोर्ड पहिल्या बोर्डच्या जिप्सममध्ये अडकून लटकतोय, लोखंडाला धरून नाही. जिप्सम म्हणजे कागदाच्या दोन थरांमधला ठिसूळ गाभा. त्यात स्क्रूची पकड किती काळ टिकणार? दरवाजा आपटला, शेजारी फ्रिज सरकवला, वरच्या मजल्यावर कुणी फर्निचर ओढलं, की बोर्ड केसभर हलतो. जॉइंटमधली पुट्टी तेवढ्यालाही तयार नसते.

स्क्रू पत्र्यातून कमीत कमी १० मिमी पलीकडे गेला पाहिजे. म्हणून पहिल्या थराला २५ मिमीचा स्क्रू आणि दुसऱ्या थराला ३५ मिमीचा. साइटवर दोन खोकी ठेवायची इतकीच गोष्ट. पण एकच खोकं मागवलं जातं, पहिला थर लावून झाल्यावर त्यात स्क्रू उरलेले असतात, आणि कुणी दुसऱ्या खोक्यासाठी दुकानात पळत नाही. मालक साइटवर असला तरी स्क्रूची लांबी कोण बघतो!

दोन्ही थरांचे जॉइंट एकाच स्टडवर

स्क्रू ३५ मिमीचा निघाला आणि तोही घट्ट होता, तर पुढचा संशय इथे घ्यायचा.

स्टड ६१० मिमीवर, म्हणजे २ फुटांवर उभे असतात. ४ फुटांच्या बोर्डची कड त्यामुळे एकाआड एका स्टडच्या मध्यावर येते. स्टडची पट्टी रुंदीला जेमतेम दीड इंचाच्या आत-बाहेर. तिच्या मध्यावर जॉइंट, म्हणजे प्रत्येक बोर्डच्या वाट्याला पाऊण इंचही धड येत नाही. बोर्डच्या कागदी कडेपासून स्क्रू १० मिमी तरी आत हवा, कापलेली कड असेल तर १५ मिमी. स्टड ओळंब्यात नसेल तर वरचे स्क्रू बसतात आणि खालचे हुकतात.

एवढ्याशा पट्टीवर पहिल्या थराच्या स्क्रूंच्या दोन रांगा. आता दुसऱ्या थराचा जॉइंटही तिथेच घेतला तर आणखी दोन. जागाच उरत नाही. शिवाय दोन्ही थर त्या एका रेषेवर तुटलेले असल्यामुळे भिंत तिथे बिजागरीसारखी वागते. दोन थर लावून जी मजबुती मिळायची ती जॉइंटच्या रेषेवर शून्य, आणि सगळी हालचाल तिथेच गोळा होते. अशा भिंतीवरच्या भेगा सिंगल बोर्डपेक्षा रुंद दिसतात त्या यामुळे.

दुसऱ्या थराची सुरुवात अर्ध्या बोर्डने, म्हणजे ६१० मिमीच्या तुकड्याने करायची असते. मग वरच्या थराचा प्रत्येक जॉइंट खालच्या अखंड बोर्डवर आणि मोकळ्या स्टडवर येतो. भिंत उंच असून आडवे जॉइंटही असतील तर तेही वर-खाली सरकवायचे. पार्टिशनच्या दोन बाजूंचे जॉइंटही एकाच स्टडवर समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत. अर्धा बोर्ड कापायचा म्हणजे वेस्टेज होईल अशी कुरकुर ऐकायला मिळते. होत नाही, उरलेला अर्धा भिंतीच्या दुसऱ्या टोकाला लागतो.

खालच्या थराचा जॉइंट कुठे आहे हे वरून कसं कळणार? चुंबकच सांगतं. जोर जरा बरा असेल तर खालच्या थराचे स्क्रूही त्याला जाणवतात, पण ओढ हलकी असते. एकाच स्टडवर दाट, चार रांगांत खुणा पडल्या तर जॉइंटवर जॉइंट आहे. खात्रीच करायची तर भेगेवर, स्कर्टिंगच्या लगेच वर, काडेपेटीएवढा तुकडा फक्त वरच्या बोर्डमधून कापून आत बघा. ही जागा नंतर सहज बुजवता येते.

वरच्या थराचा जॉइंट: टेप कोणती, मसाला कोणता

स्क्रू बरोबर, जॉइंट सरकवलेले, तरी बारीक हेअरक्रॅक येतोय, तर मग जॉइंटचं काम बघायचं. इथे सर्रास जे होतं ते असं: जाळीची चिकट टेप लावायची आणि वरून बाहेरच्या भिंतीला मारतात तीच व्हाइट सिमेंटची पुट्टी ओढायची. ती पुट्टी सिमेंटच्या प्लास्टरसाठी असते. ती कडक होते आणि जराही ताण घेत नाही.

जिप्समच्या जॉइंटला जॉइंटिंग कंपाउंड आणि मधोमध घडी असलेली कागदी टेप. बोर्डच्या लांब कडा मुद्दाम उतरत्या केलेल्या असतात, दोन बोर्ड शेजारी आले की मध्ये उथळ खाच तयार होते. त्या खाचेत आधी कंपाउंडचा थर, त्यात टेप बसवायची, पात्याने दाबून खालचा जास्तीचा मसाला बाहेर काढायचा. टेप कोरड्या बोर्डवर ठेवून वरून मसाला मारला तर तिच्याखाली हवा राहते आणि काही महिन्यांत टेपच फुगते. वाळल्यावर दुसरा हात ८ इंच रुंद, तो वाळल्यावर तिसरा १२ इंच. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद आणि पातळ.

कापलेल्या कडांचा जॉइंट असेल तर खाच मिळत नाही. तिथे मसाला दीड-दोन फूट रुंदीत पसरवून उंचवटा लपवावा लागतो. रुंदी वाचवली की टॉर्चच्या उजेडात पोट दिसतंच.

खालच्या थराच्या जॉइंटला टेप नसली तरी चालते, पण तो मसाल्याने भरलेला हवा. वरून झाकणारच आहे म्हणून तो उघडा सोडतात. भेगेशी याचा संबंध थोडाच, पण आवाज आणि आग या दोन्हींसाठी ती फट महागात पडते.

बाकीच्या भेगा

दरवाजाच्या कोपऱ्यातली भेग: बोर्डचा जॉइंट चौकटीच्या स्टडच्या रेषेत सरळ वर नेलेला असतो. दरवाजा रोज आपटतो आणि सगळा धक्का त्या रेषेत जातो. दरवाजावरचा बोर्ड उलट्या एल आकारात कापून एक अखंड तुकडा कोपरा ओलांडून पुढे न्यायचा, आणि वरच्या थराचा जॉइंट खालच्याच्या विरुद्ध बाजूला काढायचा. चौकटीचे स्टडही दुहेरी हवेत, आत लाकडी बत्ता, म्हणजे जाड पट्टी, घालून. एकट्या स्टडवर जड फ्लश डोअर टांगलं असेल तर तिथली भेग कायमची बंद करण्याचं कुणी वचन दिलं तर विश्वास ठेवू नका.

छताखालची आडवी भेग स्लॅबच्या वाकण्याची असते. स्लॅब भाराने किंचित खाली येतो, ते नैसर्गिक आहे. स्टड वरच्या चॅनेलमध्ये, म्हणजे छताला बसवलेल्या पत्र्याच्या आडव्या पट्टीत, थोडा आखूड ठेवून बोर्ड फक्त स्टडला स्क्रू केला, वरच्या चॅनेलला नाही, तर स्लॅब आपल्या जागी हलतो आणि भिंत शाबूत राहते. वर ठोकून बसवलेली भिंत मात्र फुटते किंवा फुगते. ती फट पुट्टीने नाही, लवचीक सीलंटने भरायची.

विटांच्या भिंतीला मिळतो तो कोपराही तसाच. दोन वेगळ्या सामानाच्या भिंती वेगळ्या हलणार. पुट्टी खरवडून तिथे रंग घेणारा ॲक्रिलिक सीलंट एक सूतभर रुंद भरा.

स्क्रूचे उंचवटे असतील तर बहुतेक वेळा स्क्रू इतका खोल गेलेला असतो की त्याच्या डोक्याने कागद फाडला आहे. पकड कागदाची असते. कागद फाटला की स्क्रू असून नसल्यासारखा. त्याच्या २ इंच वर किंवा खाली नवा स्क्रू घाला, डोकं कागदाच्या किंचित खाली आणि कागद अखंड, मग जुना काढून टाका.

जॉइंटवर पायरी लागत असेल, म्हणजे हात फिरवला की एक बोर्ड दुसऱ्यापेक्षा पुढे आलेला कळत असेल, तर बोर्ड लावण्याची दिशा चुकली आहे. स्टडची एक बाजू उघडी असते. बोर्डची कड आधी स्टडच्या उघड्या बाजूकडे स्क्रू करायची. उलट केलं तर पहिल्या स्क्रूच्या दाबाने पत्रा वाकतो आणि पुढचा बोर्ड वर उचलला जातो. हे पहिल्या थरात झालं तर दुसरा थर त्यावर कधीच सपाट बसत नाही.

दुरुस्ती

आधी मेन स्विच बंद करा. पोकळीतून वायरिंगचे पाइप गेलेले असतात आणि ३५ मिमीचा स्क्रू पत्र्यापलीकडे सेंटिमीटरभर जातो.

स्क्रू आखूड असतील पण जॉइंट सरकवलेले असतील तर भिंत उखडायची गरज नाही. स्टडच्या रेषा आखा, सगळ्या स्टडवर फूट-फूट अंतराने ३५ मिमीचे नवे स्क्रू घाला, फक्त भेगेजवळ नाही. स्क्रू घालताना बोर्ड हाताने दाबून धरा, म्हणजे दोन थरांमधली फट मिटते. मग जुना जॉइंट दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट कागदापर्यंत खरवडा. जाळीची टेप पूर्ण निघाली पाहिजे. तपकिरी कागद उघडा पडला असेल तर त्यावर प्रायमरचा हात देऊन वाळू द्या, नाहीतर ओल्या कंपाउंडखाली तो फुगतो. मग कागदी टेप आणि तीन हात, वर सांगितलं तसं.

जॉइंटवर जॉइंट असेल तर नुसत्या स्क्रूने भागणार नाही. वरच्या थरातून, भेगेच्या दोन्ही बाजूंच्या पुढच्या स्टडच्या मध्यावर उभी रेघ मारून तो ४ फुटांचा पट्टा कापून काढा. कटरची खोली १२.५ मिमीला लावा, खालचा बोर्ड कापला गेला तर नवा ताप. आता त्या जागी एक अखंड बोर्ड बसवा, म्हणजे खालच्या जॉइंटवर वरचा अखंड येईल. एक-दोन जॉइंट असतील तर हे परवडतं. तीन-चार असतील तर माझ्या मते एका बाजूचा वरचा थर पूर्ण उतरवून नव्याने लावणं स्वस्त पडतं, कारण कापलेल्या कडांचे इतके जॉइंट कोणताही पेंटर सपाट करून देणार नाही. उतरवलेला बोर्ड पुन्हा वापरायचा मोह टाळा.

नवा बोर्ड फरशीला टेकवू नका. १० मिमी वर ठेवा, खालची फट सीलंटने भरा, वरून स्कर्टिंग येतंच. आपल्याकडे फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात, सणाला धुतातही. टेकलेला बोर्ड ते पाणी वर ओढतो आणि मग तळाशी रंग सुटायला लागतो. त्यालाही लोक भिंतीची भेगच म्हणतात.

भिंत उघडलीच आहे तर आवाजाचंही बघा

डबल बोर्ड असून शेजारचं बोलणं शब्द न् शब्द कळतं, ही याच भिंतींची दुसरी नेहमीची तक्रार. दोन्ही बाजूंना दोन थर आणि मध्ये रॉकवूल किंवा ग्लासवूल (आवाज शोषणारी लोकरीसारखी भरण) असलेली नीट बांधलेली भिंत ५० डेसिबलच्या आसपास आवाज अडवू शकते. पण समजा ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच भिंतीवर, छताखाली पूर्ण लांबीची फक्त ३ मिमीची फट राहिली. क्षेत्रफळाने ती भिंतीचा हजारावा भाग. हजारावा भाग उघडा असला की ती अख्खी भिंत ३० डेसिबलपलीकडे जाऊ शकत नाही, मग त्यावर तिसरा थर चढवा की चौथा.

म्हणून चारही कडा सीलंटने बंद. दोन्ही खोल्यांचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून एकाच जागी असतील तर एक पुढच्या स्टडपलीकडे सरकवा. आणि फॉल्स सीलिंगची एक फळी काढून वर डोकावून पाहा. पार्टिशन फॉल्स सीलिंगपाशी संपलेलं असेल आणि वर स्लॅबपर्यंत मोकळं असेल, तर आवाज भिंतीतून येतच नाही, भिंतीवरून उडी मारून येतो. ऑफिसांच्या केबिनमध्ये हेच सर्वाधिक दिसतं.

आवाजासाठी दुसरा थर पट्ट्या मारून, मध्ये थोडी पोकळी ठेवून लावायची कल्पना काही कारागीर सुचवतात. नको. त्या बारीक पोकळीमुळे खालच्या सुरातला आवाज, टीव्हीचा बेस वगैरे, उलट जास्त जाऊ शकतो. दुसरा थर पहिल्यावर सपाट, स्क्रूनेच.

वाळायला वेळ द्या

आत प्लास्टर, फरशी असं ओलं काम चालू असेल तर ते पूर्ण वाळल्याशिवाय जॉइंट करायचे नाहीत. नवे बोर्ड आणले तर सपाट जमिनीवर आडवे रचा. भिंतीला उभे टेकवून ठेवले की पोट धरतात, आणि वाकलेला बोर्ड स्क्रूने ओढून सरळ केला तर तो ताण पुढे जॉइंटवरच येतो.

कंपाउंडच्या दोन हातांमध्ये उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. गणपतीच्या आधी घर तयार हवं म्हणून जुलैमध्ये काम काढलं असेल तर दोन दिवसही कमी पडतात, मुंबई-कोकणात तर नक्कीच. खोलीत पंखा किंवा एसी चालू ठेवा. तिसरा हात पूर्ण वाळला की हलका पॉलिश पेपर, मग अख्ख्या भिंतीला प्रायमर. प्रायमर न मारता रंग दिला तर कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात आणि जॉइंटचे पट्टे दिसत राहतात. प्रायमरच्या आधी जॉइंटवर हाताची मागची बाजू लावा. शेजारच्या बोर्डपेक्षा तिथे गार लागलं तर आत अजून ओल आहे. पेंटरला परवा बोलवा.